बाबांच्या थडग्यावरचे गवत

चुसॉकच्या, म्हणजे कोरियातल्या पूर्वजांच्या सणाला गावाकडच्या आईने आयुष्यात पहिल्यांदा सोल शहर पाहावे, म्हणून तिथे राहणाऱ्या ग्यूह्वानने सगळा बेत आखला होता: रेल्वेचे तिकीट, राजवाडा, नदीवरची बोट. सणाआधी बाबांच्या थडग्यावरचे गवत कापायला तिला दुखऱ्या गुडघ्यांनी टेकडी चढावी लागू नये, म्हणून त्याने गावाकडचा एक माणूसही लावला. काम झाल्याचा फोटो त्याने मोठ्या समाधानाने आईला पाठवला.

आईचा लगेच फोन आला. "अरे, तू तर शेजारच्या थडग्यातल्या पार्क म्हाताऱ्याची हजामत करून घेतलीस! तुझे बाबा अजून दाढी वाढवूनच बसलेत."

ती खळखळून हसली. ग्यूह्वानला हसू आले नाही. जागा त्या माणसाला त्यानेच समजावली होती, आणि फोटो नीट निरखून "छान झालं" असे कळवलेही होते.

"जाऊ दे रे, उद्या मी विळा घेऊन जाते. मग येते सोलला."

"नको, आई. तिकीट रद्द करतो. सोल पुढच्या महिन्यात बघू. उद्या मीच येतो." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "तू फक्त पायथ्याशी उभी राहा, आणि बाबांचं थडगं कोणतं ते मला बोटानं दाखव."