दोनदा धुतलेले हात

विद्यापीठातल्या तिच्या विभागात तिला सगळे साबणवाली म्हणत. डबा उघडण्याआधी ती पर्समधून साबणाची वडी काढायची, हात धुवायची, पुसायची आणि पुन्हा धुवायची. "अगं, सालटं निघतील!" म्हणत बरोबरचे खिदळायचे. तीही हसून घ्यायची. बाबा इस्पितळात असतात, एवढंच तिने सांगितलेलं; ऐकणाऱ्यांनी परस्पर त्यांना डॉक्टर करून टाकलं होतं.

खरं फक्त मॅडमना ठाऊक होतं. त्या तिच्या मार्गदर्शक. प्रबंध लिहिता लिहिता एकदा तिला रडू फुटलं, तेव्हा पाठीवरून हात फिरवत त्यांनीच विचारलं होतं. बाबा शवागारात कामाला. घरी आले की आधी नळाखाली उभे राहायचे. एकदा हात धुवायचे कामाचे म्हणून, एकदा हात धुवायचे लेकीसाठी म्हणून, आणि मगच तिला उचलून घ्यायचे.

आज विभागाचं चर्चासत्र होतं : ओळखीच्या अभ्यासाच्या पुढच्या वाटा. माइक जवळ ओढत मॅडम म्हणाल्या, "धर्म, भाषा, वर्ग, पुरे झाले ते तक्ते! आता लपवलेली ओळख अभ्यासायला हवी. माझ्या मुलाखतींतला एक माणूस घ्या. नाव बदललंय. चाळिशीचा, बँकेत अधिकारी. वडील शवागारात. हा अजून जेवणाआधी दोनदा हात धुतो."

नाव बदललं, वय बदललं, बाईचा पुरुष केला. शास्त्राचा रिवाज चोख पाळला. बदलायचे राहिले ते हात. आणि ऐकायला बसलेले सगळे रोज तिच्यासोबत जेवणारे! खुर्च्या कुरकुरल्या, एकेक मान वळली.

तिचे कान तापले. प्रबंधावर मॅडमची सही अजून व्हायची होती. तरी ती उठली.

"त्या माणसाची संमती घेतली होती?"

"तोंडी."

"नव्हती घेतली."

"तू का गं त्याची वकील?" मॅडम गोड हसल्या. त्या हसण्यातली सुरी तिला एकटीला दिसली. तोंड उघडावं तर सगळं उघडं पडणार, नाहीतर मुकाट खाली बसायचं.

"तो माणूस मी आहे," ती म्हणाली. "माझे बाबा डॉक्टर नाहीत. ते प्रेतं धुतात. आणि मी मुलाखत नव्हती दिली, मॅडम, मी रडत होते. ते काढून टाका."

मॅडमचा चेहरा उजळला. "बघा मंडळी! अभ्यासाचा विषयच उठून उलट बोलतोय. पुढची वाट ती हीच. लिहून घ्या!"

आणि पेनं खरोखर चालू लागली.

"नंतर केबिनमध्ये ये," मॅडम म्हणाल्या. "रीतसर मुलाखत करू. सहीचंही बघू."

"मुलाखत मिळणार नाही. आणि मी आजच दुसरा मार्गदर्शक मागतेय."

"तुला घेणार कोण?"

"ते मी बघेन."

बाहेर पडताना तिने दार सताड उघडं ठेवलं. समोरच बेसिन होतं. तिने वडी काढली. हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले, अगदी सावकाश. बघू देत ज्यांना बघायचंय.

मागे कुणी खिदळलं नाही. लिहिण्याची खरखर मात्र थांबली नव्हती.