वर्ष सरेपर्यंत बटण दाबायचं नाही

२०२३ साली, संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात, माझा मुलगा सुनिल तलासरीजवळ हायवेवर अपघातात गेला. नरपडची मासळी टेम्पोतून वापीच्या बाजारात पोचवून तो परत येत होता. टेम्पो रिकामा होता. येणारा जाणारा मला तेच सांगे, टेम्पो रिकामा होता, मालाचं नुकसान झालं नाही. मी मान हलवायचे.

मी गावच्या बालवाडीत आयुष्यभर मुलं सांभाळली, त्यामुळे नरपडला मला अजून सगळे बाईच म्हणतात. लोक माझ्याशी जपून बोलत होते. मला कुणाचं बोलणं लागत नव्हतं आणि कुणाचं बरंही वाटत नव्हतं. सून जमुना सकाळी उठून बोंबील वाळत घाली, दुपारी उलटवी, संध्याकाळी काढी. तिचे हात चालत होते म्हणून आमच्या घरात जेवण होत होतं.

काळजी होती ती नातवाची. दिपेश तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, डहाणूच्या कॉलेजात जायचा. बाप गेल्यापासून त्याने बोलणं सोडलं होतं. रडला नाही, भांडला नाही. जेव म्हटलं की जेवायचा, अंघोळ कर म्हटलं की करायचा, आणि परत आतल्या खोलीत जाऊन पडायचा. विचारलं तर "हं". कॉलेजही सुटलं. बालवाडीत अशी एखाददोन मुलं मी पाहिली होती, पण ती तीन वर्षांची असत आणि दुपारपर्यंत बोलू लागत.

सुनिल गेला त्याच्या आधीच्या दिवाळीला घरात एकच विषय होता, दिपेशचा कॉम्प्युटर. गेम खेळायचा, मोठा, आत रंगीत दिवे लागणारा. सुनिलने त्याचे पैसे मुलाच्या नावावर ठेवूनही दिले होते, त्याचा वाद नव्हता. वाद होता तो तयार घ्यायचा की सुटे भाग आणून घरी जोडायचा, याचा.

"तयार घे," सुनिल म्हणायचा. "आणला, पिन लावली, चालू."

"पप्पा, तयारमध्ये आतला माल हलका घालतात. वरून नुसते दिवे."

"मग मी काय टेम्पो ओट्यावर बसून जोडला होता?"

"जोडला असता तर असा खडखडला नसता."

हसत हसत चाललेलं ते बोलणं तसंच अर्धं राहिलं.

मार्चमध्ये धनेश आला. तो उधव्याचा, दिपेशच्या वर्गातला. घरी भात-नागलीची शेती, आणि सुट्टीत उंबरगावला एका मोबाईलच्या दुकानात काम करायचा. दर आठवड्याला मोटरसायकलवरून यायचा, आतल्या खोलीत बसायचा, एकटाच बोलून परत जायचा. त्या दिवशी मी चुलीपुढे भाकरी थापत होते. आतून धनेश म्हणाला, "ग्राफिक्स कार्ड उतरलंय भावात." आणि दिपेश म्हणाला, "उतरलं असेल, पण त्याला पॉवर सप्लाय मोठा लागतो, नाहीतर बंद पडतं."

दोन महिन्यांत मी ऐकलेलं ते त्याचं पहिलं पूर्ण वाक्य होतं. त्यातला एक शब्द मला कळला नाही. भाकरी एका बाजूने करपली.

रात्री मी जमुनाला म्हटलं, "त्याचा कॉम्प्युटर घेऊन टाकू."

"वर्षाच्या आत, आई? नवीन वस्तू?"

आमच्या घरात ती रीत आहे. घरातलं माणूस गेलं की वर्ष सरेपर्यंत नवी वस्तू उंबऱ्याच्या आत येत नाही. ना गाडी, ना कपाट, ना साधा पंखा. जमुनाला त्या रीतीचं फार वाटत होतं असं नाही, पण त्या वर्षी तिला धरायला तेवढंच होतं. मी ओढून घेतलं नाही. चंदरला विचारू, एवढंच म्हटलं.

चंदर माझा धाकटा दीर. पन्नास वर्षं समुद्रावर गेलेला, आता गुडघ्यांमुळे किनाऱ्यावर बसलेला, आणि घरातल्या रीतींचा शेवटचा शब्द. रविवारी तो आला. दिपेशची मोठी बहीण भाविनी सिल्वासाला नर्सिंग शिकत होती, तीही आली होती. धनेश होताच. दिपेश दाराच्या आत बसला, अर्धा दिसेल असा.

चंदरने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सुटे भाग आणायचे म्हणजे किती दिवस कॉम्प्युटर नसतो तो?"

"जोडून चालू करेपर्यंत नुसता पत्राच, आजोबा," धनेश म्हणाला.

"मग झालं. वहिनी, बाबा गेले तेव्हाचं आठवतं का?"

मला आठवत होतं. १९७२. मी नवीनच लग्न होऊन आले होते. सासरे गेले त्या आठवड्यात नव्या बोटीचा साग डहाणूहून बैलगाड्यांनी आला होता. लोक म्हणाले परत पाठवा. तेव्हाच्या जुन्या माणसांनी सांगितलं, फळ्या म्हणजे बोट नव्हे. पाण्याला टेकली की बोट. वर्षभर मिस्त्री आरामात काम करत राहिला. बोट अंगणात पुरी झाली, तिच्या सावलीत आम्ही बायका मासळी निवडायचो, आणि वर्षश्राद्ध झाल्यावरच नारळ फोडून ती पाण्यात गेली. ती बोट फार वर्षं चालली. चंदरचे मोठे भाऊ, म्हणजे माझे मालक, तिच्यावरच म्हातारे झाले.

"तसंच करायचं," चंदर म्हणाला. "भाग आणा, जोडा. बटण मात्र वर्षश्राद्धानंतर. तयार आणाल तर ती वस्तू झाली, ती चालणार नाही."

"आजोबा, तसं नका करू," धनेश म्हणाला. "घ्यायचाच तर तयार घ्या, नाहीतर वर्षानंतर घ्या. जोडून बंद ठेवला तर आत काय बिघडलंय ते कळणार कसं? दुकानदार पहिल्या आठवड्यात बदलून देतो. मग नाटकं करतो."

"तुमच्या उधव्याला भात पेरल्यावर रोज उकरून बघतात काय रे?"

"उकरत नाही. पण पेरायच्या आधी बी पाण्यात टाकून बघतो. पोकळ असेल ते वर तरंगतं."

"बघ वहिनी, पोरगा डोंगरातला आणि पाण्याचं मला शिकवतो."

भाविनी म्हणाली, "मी पण धनेशच्या बाजूने. ह्याला साधा पंखा पुसायला सांगितला तर तो वाकडा फिरतो. हा कॉम्प्युटर जोडणार."

आम्ही सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दिपेशने आतूनच उत्तर दिलं, "पंखा आधीच वाकडा होता."

तिथे माझं मत झालं. तयार यंत्र एका दुपारी घरात येईल आणि दिपेश त्याच्यासमोर आमच्याकडे पाठ करून बसेल. जोडायचं म्हटलं की वापीला जावं लागेल, चार दुकानं विचारावी लागतील, धनेशशी वाद घालावा लागेल. मला ते लवकर संपायला नको होतं. मी म्हटलं, "जोडू दे." जमुनाने मान हलवली.

आणि दिपेश बोलू लागला, हे मला सांगायला पाहिजे. एप्रिलपासून एकेक खोका येऊ लागला. प्रत्येक खोका तो माझ्यापुढे उघडायचा, कारण घरात मी रिकामी होते. "आजी, हा मदरबोर्ड. सगळं ह्याच्यावर बसतं." मग प्रोसेसर दाखवला, बिस्किटाएवढा. मी म्हटलं, एवढ्याशासाठी एवढा खोका? तो म्हणाला, "मेंदू आहे तो." मी म्हटलं, तुझ्या मापाचा दिसतोय. तो हसला नाही, पण जमुनाला जाऊन सांगितलंन, आजी काय म्हणाली ते. एकदा एक खिळा बसेना म्हणून धनेशबरोबर फोनवर इतका भांडला की कोळंबी सोलणाऱ्या शेजारणी दारात येऊन उभ्या राहिल्या.

जूनमध्ये जोडून झाला. काळी उभी पेटी, एका बाजूला काच, मागे पुढे जाळी. तोवर बोटी किनाऱ्यावर ओढून झाल्या होत्या. चंदर पेटी बघायला आला आणि बघताच म्हणाला, "हा असा उघडा ठेवणार? पावसाळाभर?"

आमच्याकडे बोट ओढली की इंजिन निळ्या प्लास्टिकने गुंडाळून दोरीने बांधून ठेवतात. तेच प्लास्टिक, तीच दोरी घेऊन तो परत आला.

"ह्याला हवा लागते आजा," दिपेश म्हणाला.

"चालू असेल तेव्हा लागते. बंद इंजिनाला कशाला हवा? खारी हवा खाऊन गंजेल."

दिपेशने बांधू दिलं. चंदरने गाठी इतक्या मन लावून मारल्या की मधे पडणं कुणाला जमलं नसतं. सुनिल त्याचाही लाडका होता आणि त्याने वर्षभर सुनिलचं नाव काढलं नव्हतं.

त्यानंतर आणायला काही नव्हतं, जोडायला काही नव्हतं. धनेशची भातलावणी सुरू झाली, त्याचं येणं कमी झालं. दिपेश कॉलेजला जाऊ लागला, पण घरी आला की त्या निळ्या गाठोड्याशेजारी बसायचा. परत "हं". जमुना मला विचारायची, "चालू झाल्यावर बोलेल ना?" मी बोलेल म्हणायचे. गणपती आमच्याकडे बसला नाही. दिवाळीला दिवे लावले नाहीत. कशाचं काही वाटत नव्हतं. आम्ही जानेवारीची वाट बघत होतो, आणि जानेवारीत वर्षश्राद्ध होतं हे बाजूला ठेवून फक्त बटणाची वाट बघत होतो.

तिथीला सकाळी भटजी येऊन गेले, पानं उठली. दुपारी चंदरने गाठी सोडल्या. प्लास्टिकला आतून ओल धरलेली होती. त्याने ती धोतराने पुसली आणि म्हणाला, "चल, लाव."

दिपेशने बटण दाबलं. आतला पंखा अर्धा फिरला आणि थांबला. परत दाबलं. परत तेवढंच.

"लाईट आहे ना?" भाविनीने उठून पंख्याचं बटण लावून बघितलं. पंखा फिरला, वाकडाच.

धनेशने बाजूची काच काढली, मोबाईलचा उजेड आत धरला. मी मागेच उभी होते. मदरबोर्डवर बारीक हिरवट-पांढरा थर चढला होता, मिठागराच्या कडेला असतो तसा. धनेशने दिपेशकडे पाहिलं. दिपेशने काच परत लावली.

जमुना त्याच्या तोंडाकडे बघत होती. हे काय होतं ते आम्हा दोघींना माहीत होतं. आता हा आत जाणार, पडणार, आणि पुढच्या वेळी बोलवायला आमच्याकडे काही उरलेलं नसणार.

चंदर दोरी हातात गुंडाळत होता. त्याने विचारलं, "माझ्या प्लास्टिकने झालं का रे?"

"नाही आजा," दिपेश म्हणाला.

"खरं सांग."

"खरंच नाही. हा बोर्ड पहिल्यापासूनच खराब होता. कारखान्यातूनच असे येतात कधी कधी. हो की नाही, धनेश?"

"येतात," धनेश म्हणाला.

चंदर तरी उठेना. मग दिपेश त्याच्याजवळ खाली बसला आणि बोलत राहिला. बोर्ड कसा बनतो, त्यात किती थर असतात, एक तार तुटली तरी सगळं कसं मरतं, तयार घेतला असता तरी असाच निघाला असता, त्या दुकानदाराचं तोंडच कसं चोरासारखं होतं, पप्पांनी त्याला लगेच ओळखलं असतं. पप्पा हा शब्द त्या घरात वर्षाने निघाला. चंदर म्हणाला, "सुनिलने त्याला दुकानातच धरला असता." दिपेश म्हणाला, "हो ना." आणि ते दोघं सुनिलने कुणाकुणाला कसं धरलं होतं ते बोलू लागले. जमुना उठून चहा ठेवायला गेली. बराच वेळ चहा आला नाही म्हणून मी आत गेले, तर ती ओट्याला धरून रडत होती, आणि दूध उतू गेलं होतं. मी गॅस बंद केला.

धनेश दुसऱ्या दिवशी बोर्ड घेऊन वापीला गेला. दुकानदाराने भिंगातून पाहिलं आणि म्हणाला, "आमां तो काट लागी गयो छे." म्हणजे आत गंज धरलाय, आणि गंजाला वॉरंटी नाही. धनेशने हे मला सांगितलं, आणि चंदरआजोबांना सांगू नका असं दिपेशने बजावलंय, तेही सांगितलं.

बाकीचे भाग विकले गेले. दिपेशने नवा कॉम्प्युटर केला नाही. पदवी घेऊन तो आता बोईसरला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे. त्याच्याकडे लॅपटॉप आहे, तयार घेतलेला. गेम खेळतो की नाही मी विचारलेलं नाही. बोलतो. फार नाही, पण त्याचा बापही फार बोलणारा नव्हता.

भाविनी वलसाडच्या दवाखान्यात नर्स आहे. धनेशने तलासरीला स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. लग्न झालं, बायको रविना सायवनची. जमुना डहाणूच्या बाजारात बसते, आणि गिऱ्हाइकाशी पहिल्यासारखी भांडते.

चंदर गेल्या पावसाळ्यात गेला. शेवटपर्यंत तो त्या दुकानदाराला शिव्या देत असे, आणि वापीला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगे की वस्तू तपासून घ्या रे. त्याचं वर्ष अजून सरलेलं नाही. माझ्या खोलीतला पंखा बंद पडला आहे, तो आम्ही बदललेला नाही. मी खिडकी उघडी ठेवते.