पंधराव्या दिवसाची पिल्लं

उंदराची मान मोडायला मला दोन सेकंद लागतात. डाव्या हाताची बोटं मानेमागे दाबायची आणि उजव्या हाताने शेपूट मुळाशी धरून एकदाच ओढायचं. दुसऱ्यांदा ओढावं लागलं तर तो माणूस या कामाचा नाही. मी तेवीस वर्षं प्रयोगशाळेच्या प्राणीघरात आहे. किती मारले ते मोजलं नाही.

माझी बायको त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर कामाला होती. मी खाली उंदीर वाढवायचो, ती वर त्यांची डोकी उघडायची. जेवताना आम्ही हेच बोलायचो, म्हणून नातेवाईक आमच्याकडे जेवायला यायचं टाळायचे.

तिचं काम असं होतं. मेंदूतल्या रक्तनळ्या बाकीच्या अंगातल्या नळ्यांसारख्या नसतात. फार घट्ट असतात. रक्तातलं हवं तेवढंच मेंदूत सोडतात, बाकीचं अडवतात. पोटातल्या पिल्लाच्या मेंदूत दहाव्या दिवसाच्या सुमारास या नळ्या शिरतात तेव्हा त्या गळक्या असतात, मग हळूहळू घट्ट होतात. कितव्या दिवशी पुऱ्या घट्ट होतात, हे बाईंना हवं होतं. बाई म्हणजे वरच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. पिल्लं आईच्या नाळेला जोडलेली असतानाच बायको त्यांच्या यकृतात सूक्ष्मदर्शकाखाली अंधारात चमकणारा लाल रंग टोचायची, तीन मिनिटं थांबायची, मग डोकं वेगळं करायची. तेराव्या दिवशी सगळा मेंदू लाल. चौदाव्या दिवशी मागचा भाग कोरा, वरचा लाल. पंधराव्या दिवशी फक्त नळ्या लाल, मधला मेंदू पूर्ण कोरा. उंदराची मादी एकोणीस-वीस दिवसांनी विते. म्हणजे जन्माच्या चार-पाच दिवस आधीच दार बंद. दोन वर्षं राबून तिने हे दाखवलं.

आठ महिन्यांपूर्वी मागच्या अंगणात माल आणणारा ट्रक मागे येताना तिच्या डोक्यावरून गेला. मी पिंजरे धूत होतो. धावत गेलो तेव्हा चाक अजून तिच्यावरच होतं. ड्रायव्हर खाली उतरून "मला दिसल्याच नाहीत" एवढंच म्हणत राहिला. मेंदू कसा दिसतो ते मला आधीपासून माहीत होतं. मी तो ओंजळीत गोळा करायला लागलो, तेव्हा लोकांनी मला ओढून बाजूला नेलं.

तिच्या जागेवर तिचा धाकटा भाऊ लागला. शब्द मीच टाकला होता. हात हलका आहे, शिकेल, असं बाईंना सांगितलं होतं.

मंगळवारी सकाळी बाईंनी मला वर बोलावलं.

"मामा, बसा."

 टेबलावर मेहुण्याने काढलेले फोटो होते. पंधरावा दिवस, सगळा मेंदू लालभडक.

"चार महिने झाले. तुमच्या मिसेसना जे मिळालं ते पुन्हा मिळत नाहीये. शुक्रवारी शोधनिबंध पाठवायचाय. त्यांचा भाग मी काढून टाकतेय."

"आणि तिचं नाव?"

"भागच नाही, तर नाव कुठे लावू?"

"ती चुकली म्हणता?"

"त्या नाही." बाई खिडकीकडे बघायला लागल्या. "त्यांचा भाऊ म्हणतो, तेव्हा दिवसच चुकले असतील. सोळावा, सतरावा दिवस पंधरावा म्हणून वर आला असेल. कार्डं कोण लिहितं, मामा?"

कार्डं मी लिहितो. संध्याकाळी नर-मादी एका पिंजऱ्यात सोडायचे. सकाळी सातला एकेक मादी उचलून शेपटीखाली बघायचं. पांढरी घट्ट गुठळी दिसली की रात्री जोडी जमली. तिथून दिवस सुरू. ती गुठळी काही तासांत गळून पडते, म्हणून मी सातचे सव्वासात कधी होऊ दिले नाहीत. बायकोचे दिवस झाले, त्याच्या दुसऱ्या सकाळीही मी सातला हजर होतो.

मी खाली आलो आणि गोठवणपेटी उघडली. वापरून झालेली धडं पिशव्यांत भरून जाळायला पाठवायची, हेही माझंच काम. मेहुण्याची पिशवी फोडून ताटात ओतली. डोकी नसलेली पिल्लं, शेंगदाण्यापेक्षा थोडी मोठी. जवळपास प्रत्येकाचं पोट फुगलेलं, कातडीखाली लाल ठिपके, जशा कोणी आतून सुया मारल्यात. चार महिने मी हे बघत होतो. नवा माणूस आहे, हात जड पडतोय, एवढंच वाटायचं. पण बायकोची पिल्लं फिकट आणि स्वच्छ असायची. ती जेवताना सांगायची, थेंबाचा दहावा हिस्सा, सिरिंजवरच्या पाच रेघा, त्यापुढे एक रेघ नाही. अख्ख्या पिल्लात रक्तच मुळी थेंब-दीड थेंब.

दहा वाजता मी वर गेलो. पिल्लं काढून झाली की मादी संपवायला मलाच जावं लागतं. त्या दिवशी जरा लवकर गेलो.

मादी उताणी होती. नाकावर भुलीची नळी, पोट उघडं, आत नऊ पिल्लं माळेसारखी. मेहुणा दुसऱ्या पिल्लाला टोचत होता. मी त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिलो. पाच गेली, दहा गेली, तो पंचविसाव्या रेघेला थांबला. पिल्लू त्याच्या चिमट्याखाली टम्म झालं.

"किती टाकलंस?"

"दाजी, मध्ये बोलू नका. सुई हलते."

"किती, विचारतोय."

"दिसेपर्यंत. पाचवर फोटोत काय दिसतंय? ताईचे फोटो बघा, नुसता अंधार."

"अंधार म्हणजेच बंद, गाढवा! तू नळ्या फोडतोयस."

"तुम्ही मला शिकवणार?" तो हसला. "तुमचं काम शेपट्या ओढायचं. ताई जेवताना चार गोष्टी सांगायची म्हणून शास्त्रज्ञ झालात होय? दिवस मोजायला ठेवलं, तेही धड जमलं नाही. तुमच्यापायी ताईचं नाव जातंय."

मी त्याची मानगूट धरून त्याचं तोंड फळीवर आपटलं. बाटल्या खाली आल्या. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा नाक फुटलं. त्याच्या हाती कात्री आली, ती त्याने माझ्या दंडात खुपसली आणि फिरवली. मला दुखलं नाही. मी त्याचा उजवा हात टेबलाच्या कडेवर घेतला आणि सगळं वजन टाकलं. दोन बोटं उलटी झाली. तो ओरडला, तरी मी सोडलं नाही. ट्रकच्या ड्रायव्हरला मी हात लावला नव्हता. त्याचं सगळं याच्या वाट्याला आलं.

बाई दारात आल्या आणि त्यांनी किंकाळी फोडली, तेव्हा मी सोडलं.

"पोलिसांना बोलावते मी!"

"बोलवा. पण आधी आत बघा. सात पिल्लं जिवंत आहेत. पंधरावा दिवस आहे, कार्ड माझं आहे. पाच रेघा टोचा. लाल झाला मेंदू, तर तिचं नाव तुम्ही खुशाल काढा आणि मला बेड्या घाला."

टेबल हललं होतं. मादीच्या नाकावरची नळी सुटली होती आणि तिचा मागचा पाय हलायला लागला होता. मी नळी परत बसवली. माझ्या दंडाचं रक्त तिच्या पांढऱ्या अंगावर पडत होतं.

बाईंनी पुढे येऊन आत वाकून बघितलं.  "मी दहा वर्षांत सुई धरली नाहीये, मामा. कोण टोचणार?"

मेहुणा जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. त्याने हाताकडे बघून मग माझ्याकडे बघितलं.

"दाजींनाच द्या," तो म्हणाला. दातांत रक्त होतं. "जीव घ्यायला हात बसलाय त्यांचा."

"तू दवाखान्यात जा."

"जातो. आधी हे बघू द्या. ती माझी बहीण होती, तुम्हाला एकट्यालाच नाही मेली ती."

बाईंनी माझ्या दंडाला फडका आवळून बांधला. मेहुणा उठून माझ्या खांद्याशी उभा राहिला. माझ्या बोटांत ती सुई म्हणजे केस होता. पहिलं पिल्लू मी आरपार भोसकलं, रंग आईच्या पोटात गेला. दुसऱ्याचं यकृत फाटलं.

"उंदीर नाही धरलाय तुम्ही, दाबू नका," मेहुणा म्हणाला. "तो तांबडा डाग दिसतोय ना, तिथे. आडवी सुई. थांबा, श्वास सोडा. हं."

तिसरं हातात मेलं. चौथ्याला सुई बरोबर बसली. पाच रेघांवर मी थांबलो. बाईंनी घड्याळ लावलं. पाचवं फाटलं, सहावं बसलं, सातव्यापर्यंत माझे हातच गेले होते, तेही वाया गेलं. प्रत्येकाची तीन मिनिटं झाली तशी मी ती दोन डोकी कापून औषधाच्या बाटलीत टाकली, मेहुण्याने टोचलेल्याचं वेगळ्या बाटलीत. मग मादीची मान मोडली. मला दोनदा ओढावं लागलं.

दवाखान्यात मेहुण्याच्या हाताला प्लास्टर आणि माझ्या दंडाला नऊ टाके पडले. बाकावर तो म्हणाला, "आईला काय सांगू?"

"दारात बोटं सापडली म्हण."

"आणि नाक?"

"तेही दारातच."

तो हसला, मग नाक धरून कळवळला, मग रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी त्या दोन मेंदूंच्या चकत्या कापून काचेवर घेतल्या. खोलीत अंधार केला. आधी त्यांनी सूक्ष्मदर्शकातून बघितलं, मग मेहुण्याने, मग मी. बारीक लाल रेघा फांद्यांसारख्या पसरल्या होत्या. मधे सगळं काळं. कुठेही एक डाग सांडलेला नव्हता.

शेजारी मेहुण्याने आदल्या दिवशी टोचलेल्या पिल्लाची चकती होती. तिथे सगळाच लाल चिखल.

"मी चार महिने नळ्या फोडत होतो," तो म्हणाला. 

बाईंनी दिवा लावला. "नाव राहील. पहिलं त्यांचंच राहील. पण दोन पिल्लांवर कोणी विश्वास ठेवत नाही, मामा. किमान तीन माद्या लागतील. निबंध मी पुढे ढकलते. खाली पंधराव्याच्या किती आहेत?"

"उद्या तीन होतील."

"याचा हात जुळायला सहा आठवडे. तोपर्यंत टोचणं तुमच्याकडे." त्या माझ्याकडे रोखून बघत होत्या. "तो तक्रार करत नाही म्हणतोय. मी करणार आहे. त्याचा हात जुळला की तुम्ही या इमारतीत दिसायचं नाही."

"बरं," मी म्हणालो.

जिन्यात मेहुणा मागून आला. नाकावर पट्टी होती, त्यामुळे बोलणं कोंदल्यासारखं येत होतं.

"दाजी, उद्या सुई मी भरून देईन. डाव्या हाताने जमतं. तुम्ही आज हाताला विश्रांती द्या."

"पिंजरे धुवायचेत."

"ते राहू द्या. तीन माद्या म्हणजे पंचवीसेक पिल्लं. कालच्यासारखी निम्म्याहून जास्त फाडलीत तर पुढच्या आठवड्यात अजून तीन माद्या माराव्या लागतील."

मी खाली गेलो. बादली उपडी घातली आणि तिच्यावर बसून हात नळाच्या गार पाण्याखाली धरले.