लंगरातला फौजी

चुन्नीलालच्या तेरवीला केशोरीत एवढी माणसं लोटतील असं गोवर्धनला वाटलं नव्हतं. थोरला भाऊ फौजी होता हे खरं, पण मंडप अपुरा पडावा असं काय केलं होतं त्यानं? समोर हार घातलेला फोटो, फोटोतल्या छातीवर पदकं, आणि शेजारी मुंडण केलेला रोशन. गोवर्धनचा एकुलता एक मुलगा. चुन्नीलालला दोन्ही मुलीच, म्हणून अग्नी पुतण्यानं दिला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आपणहून पुढे झाला. 'मोठेबाबा, मोठेबाबा' म्हणत असा रडला, की गोवर्धनच्या मनात आलं, मी मेल्यावर रडेल का हा एवढा?

माणसं एकेक करून बोलत होती. बायकोचे, सुशीलाबाईचे गुडघे गेले तेव्हा चुन्नीलालनं तीन वर्षं चूल सांभाळली. निवृत्त होऊन आल्यावर लेकींच्या वेण्यासुद्धा तोच घालायचा. गावात कोणाची पेन्शन अडली, की कागद घेऊन स्वतः गोंदियाला निघायचा. गोवर्धन ऐकत होता आणि आतून जळत होता. भाऊ सतरा वर्षं पलटणीत असताना दोघांच्या वाट्याचं धान कोणी रोवलं? अंथरुणाला खिळलेल्या बापाचं हगणंमुतणं कोणी काढलं? ते सांगायला कोणी उठत नव्हतं.

तेवढ्यात चुन्नीलालची थोरली लेक रेणू म्हणाली, "काकाजी, तुमी बोला ना दोन शब्द."

गोवर्धन उठला. त्याच्याजवळ एक गोष्ट होती, पन्नास वर्षं पोटात ठेवलेली. तरुणपणी तो भावाला भेटायला जबलपूरला गेला होता. चुन्नीलाल त्याला दिसला तो फौजेच्या लंगरात, भल्या मोठ्या गंजात डाळ घोटताना. "बाबाले नको सांगू," एवढंच भाऊ म्हणाला. बाप गावभर छाती फुगवून सांगायचा, माझा पोरगा सरहद्दीवर बंदूक चालवतो.

"तुमी सारे फौजी फौजी करून राहिले," गोवर्धन म्हणाला. "माया भावानं एक गोळी नाही चालवली. सैपाकी होता तो. डाळभात शिजवे."

मग चुन्नीलालच्या पलटणीतले केशोराव काठी टेकत उठले.

"हो जी," ते हसून म्हणाले, "अन् एकाहत्तरमंदी बर्फात पाठीवर गरम रोट्या बांधून वर चौकीवर कोण आणे? तोच. वरून गोळे पडत. शाळेत पंधरा ऑगस्टले दरसाल हेच सांगे तो पोट्ट्यायले."

माणसं माना हलवू लागली. सगळ्यांना ठाऊक होतं. गोवर्धन तेवढा त्या दिवशी कधी शाळेत गेला नव्हता, कारण झेंडा भावाच्या हातून फडकायचा.

तो मंडपामागे येऊन बसला. सुशीलाबाई हळूहळू चालत त्याच्याजवळ आल्या.

"वहिनी, साऱ्यायले सांगून टाकलं, हे मलेच काऊन नाही सांगितलं त्यानं?"

"बाबाजी गेल्यावर त्यायनं सगळ्यायले सांगितलं, भाऊजी. तुमाले सांगाले त्यायले लाज वाटे. म्हणत, 'मी खोटा बोललो अन् गोवर्धननं तोंड शिवून ठेवलं. माया भावासारखा भरवशाचा माणूस नाही.' गावात ज्याले त्याले हेच सांगत."

गोवर्धननं मान खाली घातली. पन्नास वर्षांचा भरवसा त्यानं आजच, भरल्या मंडपात मोडला होता.

जेवणाची पंगत बसली. रोशन वाढत वाढत त्याच्यापुढे आला. त्याच्या तुळतुळीत डोक्याकडे बघवत नव्हतं.

"मी जळत होतो त्याच्यावर," गोवर्धन पुटपुटला. "जनमभर."

"माहीत आहे, बाबा," रोशन म्हणाला. "मोठेबाबालेही माहीत होतं. जेवा आता."

त्यानं पानात भात वाढला, वर वरण ओतलं, आणि वाढायचं सोडून तिथंच बापाशेजारी मांडी घालून बसला.