टोपलीतलं कवच

सोफ्यांच्या बंद पडलेल्या दुकानात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं फरशीवर दाटीवाटीने बसली होती आणि प्रत्येकाच्या हातात बँकेचं कार्ड होतं. समोर दुकानात उरलेला एकमेव सोफा, त्याचं प्लास्टिकचं आवरणही कोणी काढलेलं नाही, आणि त्यावर कवचबाबा. बाबा हलले की प्लास्टिक चुरचुर वाजायचं. भक्त म्हणायचे, ही लहरींची खूण.

"चोर कुठून येतो?" बाबांनी विचारलं. "वायरीतून येतो, हवेतून येतो. पोलीस वायरीत शिरेल का? मॅनेजर शिरेल का? मी शिरतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. वायरीत शिरणाऱ्या माणसाचं पोट सोफ्यात मावत नव्हतं, पण तिकडे कोण बघतंय.

मग चमत्कार झाला. एका पार्लरवालीचं कार्ड बाबांनी घेतलं, त्यावर फुंकर मारली, मागे चिकटपट्टी लावून तिचा पिन ठळक लिहायला लावला आणि कार्ड चष्म्यांच्या दुकानदाराकडे फेकलं. "जा, शेजारच्या मशीनमधून काढ पैसे. निघतील ते तुझे." गर्दी त्याच्यामागे धावली. चष्मेवाल्याने अगदी मनापासून प्रयत्न केला. मशीनने नकार दिला, परत घातलं तर परत नकार. कार्ड बाबांकडे आलं, बाबांनी डोळे मिटून मालकिणीला धाडलं, आणि तेच मशीन तोच पिन घेऊन तिला गपगुमान पैसे देऊन मोकळं झालं. एक बाई तिथेच रडायला लागली. बाबा स्वतः मशीनपाशी कधी जात नसत. मशीनला त्यांचं तेज सोसत नाही, असं त्यांची शिष्या सांगायची.

कवच बसताना फोनच्या लहरी आड येतात, म्हणून सगळ्यांनी आपले फोन, कुलूप काढून, एका टोपलीत ठेवायचे असा नियम होता. शिवाय बँकेच्या ॲपचा गुप्त आकडा शिष्येच्या कानात सांगून 'मोकळा' करायचा, कारण पोटात ठेवलेल्या आकड्याला चोराची नजर लागते. मग शिष्या टोपली आणि कार्डं घेऊन पडद्यामागे जायची, शुद्धीकरणाला. आणि ही टोपली दारात धरायची सेवा माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीकडे होती. तीस वर्षं नर्स होती ती. भल्याभल्या सर्जनना तिने पुन्हा हात धुवायला पाठवलं आहे. तीच ताई तिथे टोपली धरून उभी, हे बघून मला लाज वाटत होती.

राग यायला कारणही होतं. भाऊजींच्या हृदयाची झडप बदलायची होती. तारीख ठरली होती, पैसे दोघांच्या खात्यात जमले होते. खालच्या मजल्यावरच्यांना कोणीतरी फोनवरून लुटल्यापासून ताईच्या डोळ्याला डोळा नव्हता. बाबांनी तिच्या कार्डावर फुंकर मारली आणि ती शांत झोपायला लागली. मी एवढं समजावून तिला झोप आली नव्हती, आणि या माणसाच्या फुंकरीने आली.

पुढच्या खेपेला ताई सेवेला गेली तेव्हा मी भाऊजींपाशी बसले होते. त्यांचा फोन वाजला. खातं दोघांचं, म्हणून बँकेचे संदेश त्यांच्याकडेही येत.

"तुमचं कार्ड तुमच्या विनंतीवरून तात्पुरतं बंद केलं आहे," त्यांनी वाचलं. "मी कुठे विनंती केली? मी नुसता पडलोय."

थोड्या वेळाने दुसरा संदेश आला, कार्ड सुरू केल्याचा. तेवढ्यात ताई घरी आली, चेहरा उजळलेला. "आज माझ्या कार्डाची परीक्षा घेतली बाबांनी. दुसऱ्याच्या हातात चाललंच नाही."

मी भाऊजींच्या फोनवर बँकेचं ॲप उघडलं. कार्डाच्या पानावर एक बटण होतं, चालू आणि बंद. बँकेने फुकट दिलेलं, चोरांपासून वाचायलाच दिलेलं. पडद्यामागे शिष्या भक्ताच्या फोनवर हेच बटण दाबत होती. ज्याचं त्यालाच कवच म्हणून विकत होते, आणि वर दक्षिणा घेत होते.

"ताई, हे बघ," मी म्हटलं.

"तू लोकांचे दात बघ," ताई म्हणाली. मी दातांची डॉक्टर आहे. "सगळं काही बटणाने होत नसतं."

"मग कार्ड बंदच ठेवू या."

"बंद केलंस तर माझ्या श्रद्धेवर डाग लागेल. ऑपरेशन होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही."

भाऊजींनी मला डोळ्यानेच खुणावलं, मी बघतो.

मी पोलीस चौकीत गेले. तिथला साहेब म्हणाला, "कोणाचे पैसे गेलेत?" म्हटलं, अजून नाही. "मग गेल्यावर या."

मग मीच पुढच्या सभेला गेले. टोपलीत एक जुना, बँकेचं ॲप नसलेला फोन टाकला, शिष्येच्या कानात तोंडाला येईल तो आकडा सांगितला आणि माझं कार्ड बाबांपुढे धरलं. फुंकर झाली. चष्मेवाला मशीनकडे निघाला आणि पडद्यामागून शिष्येचा खोकला ऐकू आला. बाबांचा हात सोफ्यावर थबकला. पण मी गर्दीला घेऊन बाहेर पडलेही होते.

मशीनने माझे पैसे खडाखड मोजून चष्मेवाल्याच्या हातात दिले.

"श्रद्धा कमी," मागून कोणीतरी म्हणालं.

"थांबा," मी म्हटलं आणि पर्समधून माझा खरा फोन काढला. बटण दाबलं. "आता घाला." नकार आला. पुन्हा बटण दाबलं. "आता घाला." पैसे आले. लोक हसायला लागले, टाळ्या वाजल्या. मला फार बरं वाटलं. मी दोनदा जास्तच करून दाखवलं. ताईही बाहेर येऊन एका बाजूला उभी होती.

तेवढ्यात भाऊजींचा फोन आला. "कोणीतरी आपल्या कार्डावर खरेदी करतंय. एक गेली, छोटी आहे. दुसरी व्हायच्या आत मी बटण दाबलं."

आम्ही आत धावलो. सोफा रिकामा होता. मागचं शटर अर्धं वर होतं. खेळ संपला हे बाबांना आणि शिष्येला माझ्या आधी कळलं होतं. कार्डांवरचे आकडे आधीच उतरवलेले, ओटीपी टोपलीतल्या उघड्या फोनवर येत होते, आणि सगळी गर्दी बाहेर माझा तमाशा बघत होती. टोपली जागेवरच होती. तिच्यातले फोन पैसे गेल्याच्या संदेशांनी एकामागून एक वाजत होते.

शिवणकाम करणाऱ्या एका म्हातारीने आपला फोन माझ्यापुढे धरला. "वाच गं, मला बारीक दिसत नाही."

मी वाचलं. तिने परत वाचायला लावलं. मी परत वाचलं. मग तिने फोन टोपलीत ठेवून दिला, आता तो तिच्या काही कामाचा नाही अशा हाताने.

सगळ्यांना मी बँकेला फोन लावून दिले. कोणाचे थोडे वाचले, बहुतेकांचे गेले. चौकीतल्या साहेबाने आता तक्रार घेतली.

भाऊजींचं ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. ते घरी आल्यावर मी भेटायला गेले, तर जिन्यात रांग. पार्लरवाली, चष्मेवाला, सगळे लुटलेले.

"इथे काय?" मी विचारलं.

"एवढ्या लोकांत ताईंचंच जवळजवळ सगळं वाचलं," पार्लरवाली म्हणाली. "म्हणजे कवच खरं होतं. आमचंच कुठेतरी चुकलं."

आत ताई खुर्चीत बसली होती. मांडीवर कोणाचं तरी कार्ड, त्यावर हात, डोळे मिटलेले.

"बटण मी दाबलं," पलंगावरून भाऊजी म्हणाले. बोलताना त्यांच्या छातीत दुखत होतं. "या अंगठ्याने. आणि डोक्यावर हिला घेतायत."

मी रांगेकडे वळले. "फोन काढा सगळ्यांनी. बटण दाखवते."

"फोन जवळ नाहीत," म्हातारी म्हणाली. "खाली टोपलीत ठेवलेत. आम्हीच आणली टोपली."

"कुलूप काढून ठेवलेत ना?" भाऊजींनी चेष्टेने विचारलं.

"हो तर. आणि आकडे चष्मेवाल्यांच्या कानात सांगितलेत."

ताईने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मग परत मिटले, आणि हात होता तिथेच ठेवला.

तेव्हा मी जिन्यात उभी राहून जे ओरडले तेच इथे लिहिते. आकडा कोणालाही सांगायचा नाही, गुरूला नाही, बँकेचा म्हणवणाऱ्याला नाही, माझ्या ताईलाही नाही. ओटीपी वाचून दाखवायचा नाही. उघडा फोन दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचा नाही. कार्ड वापरत नसाल तेव्हा बंद ठेवा, खर्चाची मर्यादा कमी ठेवा, न केलेल्या खर्चाचा संदेश आला तर पहिला फोन बँकेला करा. याला पुण्याई लागत नाही. आणि तुमच्या पैशांसाठी कोणी डोळे मिटून बसलं असेल, तर तुमचे उघडे ठेवा.

म्हातारी रांगेतून निघाली, कठड्याला धरत खाली गेली आणि आपला फोन घेऊन आली. "कुठे आहे ते बटण, दाखव," ती म्हणाली.

तिची जागा रिकामी झाली होती. मागची रांग एक पायरी वर सरकली.