मुद्देमालातली पिंजाऱ्याची काठी

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिले आहे. ओळखले मात्र कोणीच नाही. एक्केचाळीस सेकंदांच्या त्या चित्रफितीत एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर जी उतरते, ती मीच. लोकांनी खाली मला लोखंडी सळई म्हटले आहे. मी लोखंडाची नाही. मी धामणीच्या लाकडाची, चार हात लांबीची एक जुनी काठी आहे आणि सध्या पोलीस ठाण्यात मुद्देमालाच्या खोलीत, अंगाला चिठ्ठी बांधून उभी आहे.

चिखलदऱ्याच्या उतारावर मी वाढले. धामणीचे लाकूड वाकते पण मोडत नाही, म्हणून कुर्बानभाईंच्या वडिलांनी मला निवडले. दर्यापूरच्या बाजारओळीत त्यांचे पिंजाऱ्याचे दुकान होते. काचेच्या तुकड्याने त्यांनी मला गुळगुळीत तासले, तेल पाजले आणि आठ दिवस सावलीत ठेवले. पुढे मी कुर्बानभाईंच्या हातात आले. माझे काम साधे होते. कापसातली सरकी निघे, रुई पिंजली जाई, ती गादीच्या खोळीत भरली जाई. मग मी त्या गादीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत असे. कुठेही गठळी राहू नये, निजणाऱ्याच्या पाठीला काही बोचू नये, एवढीच माझी जबाबदारी.

आमच्या वऱ्हाडात लेकीच्या लग्नाची गादी विकत आणत नसत. स्वतःच्या वावरातला कापूस घरच्या बायका वेचत, त्यातला चांगला बाजूला काढत आणि गाठोडे बांधून पिंजाऱ्याकडे देत. त्या गादीवर लेक सासरी निजली म्हणजे माहेरच्या मातीवरच निजली, असे त्यांना वाटे. म्हणून एका घरची रुई दुसऱ्या घरात जाऊ नये याची कुर्बानभाई फार काळजी घेत. एक गाठोडे संपले की पिंजायच्या यंत्राखालची जागा झाडायची, मगच दुसऱ्याची गाठ सोडायची. या शिस्तीत मी कधी खंड पडलेला पाहिला नाही.

रामराव हे आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या स्वतःच्या लग्नाची गादी मीच झटकली होती. थोरल्या लेकीच्या, मैनाच्या गादीच्या वेळी ते दिवसभर दुकानात बसून होते. चहा पिता पिता म्हणाले, "भाई, इतकी मऊ नका करू. जवाई सकाळी उठनारच नाही वावरात जायले." कुर्बानभाई हात न थांबवता म्हणाले, "मंग त्याच्या बाजूले गोटे भरतो, पाटील." दोघे कितीतरी वेळ हसत होते. आज या खोलीत उभी असताना मला ते हसणे फार आठवते.

पुढे फोमच्या गाद्या आल्या. माझे काम दिवाळी ते वैशाख एवढेच उरले. बाकीचे महिने मी दाराआड उभी असे. तरी लग्नसराई आली की कुर्बानभाई मला तेल लावत.

मग ते वर्ष उजाडले. दोन हजार सतराच्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशी आतून पोखरली. बोंडे फुटली, तेव्हा त्यांतून पांढरा कापूस कमी आणि कवडी जास्त निघाली. डाग पडलेल्या, किडक्या कापसाला आमच्याकडे कवडी म्हणतात. माघ महिन्यात रामराव धाकट्या लेकीच्या, रागिणीच्या गादीसाठी गाठोडे ठेवून गेले. लग्न वैशाखातले होते. कुर्बानभाईंनी गाठ सोडली. वर हातभर पांढरा कापूस होता. खाली सगळी कवडी होती.

ते बाहेर कोणालाही काही बोलले नाहीत. दोन दिवस मांडी घालून बसले आणि चिमटी चिमटीने चांगला कापूस वेगळा करत राहिले. कमी पडेल तेवढा आपल्या भाच्याच्या वावरातून आणायचा, असे त्यांनी पत्नीला, रहिमाबींना सांगितलेले मी ऐकले. पोटच्या लेकीसाठीही कोणी इतक्या निगुतीने निवडले नसते.

तिसऱ्या दिवशी रामराव आले. निवडलेला पांढरा कापूस आत होता. दुकानासमोर फक्त पिवळ्या कवडीचा ढीग होता आणि शेजारी त्यांचे रिकामे फडके पडले होते.

"भाई, हा कापूस माह्या वावरातला नाही. माहा पांढरा कापूस कुठी गेला?"

"पाटील, आंदर या. बसून बोलू."

"आंदर काहून? इथंच सांगा, सर्वायसमोर."

कुर्बानभाईंनी मान खाली घातली. हे तुमच्याच घरून आले आहे, असे भर बाजारात कसे सांगायचे? ते ऐकून रामरावांची मान सर्वांसमोर खाली गेली असती. माणसे जमली. समोरच्या दुकानातल्या कोणीतरी फोन उभा धरला. गर्दीतून आवाज आला की म्हातारा कापूस खाऊन बसला. रामरावांनी मला उचलले. कुर्बानभाईंच्या खांद्यावर एकदा मारले, दुसऱ्यांदा मारले. मग मला टाकून ते तिथेच मातीत बसले. चित्रफीत दुसऱ्या घावालाच संपते.

पोलिसांनी त्यांना आणि मला ठाण्यात नेले. त्याच संध्याकाळी रामरावांच्या पत्नी गोदाबाई त्यांच्या शोधात तिथे आल्या. त्यांनी साहेबांपुढे सांगितले, "वरचा पांढरा थर मीच लावला होता. खाली कवडी होती. लेकीसाठी पांढरा निवडून ठेवला, असंच यायले सांगतलं होतं. खरं सांगायची हिंमत नाही झाली." मी टेबलावर आडवी होते. रामरावांनी माझ्याकडे पाहिले नाही.

आता पुढचे ऐका. हे सत्य ठाण्याच्या खोलीत राहिले आणि चित्रफीत गावोगाव गेली. शिपाई डबा खाताना प्रतिक्रिया मोठ्याने वाचत, म्हणून मला कळे. एका ठिकाणी कुर्बानभाई शेतकऱ्यांना लुटणारे व्यापारी झाले होते. दुसऱ्या ठिकाणी रामराव धर्माच्या नावाने मारणारे गुंड झाले होते. कोणी लिहिले, बोलत नाही म्हणजे चोर आहे. कोणी लिहिले, आणखी दोन द्यायला हव्या होत्या. कोणी चित्रफितीला गाणे जोडले. सुटून घरी आलेल्या रामरावांच्या दारी काही माणसे शाल आणि नारळ घेऊन सत्काराला आली. त्यांनी दार लावून घेतले. कुर्बानभाईंकडे मदत घेऊन आलेल्यांनी आधी फोटो काढले, आणि फोटोसाठी त्यांना पट्टी वर करून दाखवावी लागली. हजारो लोक न्याय मागत होते. रागिणीच्या गादीचे काय झाले, हे एकानेही विचारले नाही. दुकानात मात्र गाठोडी येईनाशी झाली.

फाल्गुनात रामराव आणि कुर्बानभाई दोघे मिळून ठाण्यात आले. तक्रार नाही, असे कुर्बानभाई म्हणाले आणि मला मागू लागले. साहेब समजूतदार होते, पण गुन्हा नोंदला गेला होता. न्यायालयाने सोडल्याशिवाय मला देता येत नव्हते. कुर्बानभाईंचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. डाव्या हाताने त्यांनी मला एकदा खालपासून वरपर्यंत चाचपले. मग ते गेले.

त्या गादीचे पुढे काय झाले ते मला शिपाई कौशल्याताईंकडून कळले. चैत्रात त्या सही घ्यायला दुकानात गेल्या होत्या. रामरावांनी आपल्या वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, नवी काठी तोडून आणली होती आणि रागिणीची गादी तेच झटकत होते. कुर्बानभाई शेजारी बसून ओरडत होते, "मारू नका पाटील, झटका. मारलं तं रुई बसते. झटकलं तं उठते."

रामराव घाम पुसत म्हणाले, "एवढं तवाच सांगतलं असतं."

"तवा तुमी ऐकून राहिले होते काय?"

हे ऐकून ठाण्यातल्या एका शिपायाने विचारले, "ताई, याचा व्हिडिओ नाही काढला?" त्या म्हणाल्या, "हातात कागद होते."

मित्रांनो, माझ्या अंगावरचे रुईचे शेवटचे तंतूही आता गळून गेले आहेत. तेल वाळून मला बारीक भेगा पडू लागल्या आहेत. न्यायालयात माझी पाळी कधी येईल, ठाऊक नाही. पण तुमच्या फोनवर मी पुन्हा येईन. तेव्हा मला पुढे पाठवण्याची घाई करू नका. त्या पिवळ्या ढिगाकडे पाहा आणि तो कोणी, कोणासाठी निवडला असेल याचा क्षणभर विचार करा. आणि कधी दर्यापूरला गेलात, तर ती चित्रफीत पाहिली आहे असे कुर्बानभाईंना सांगू नका. घरात जुनी, गठळ्या झालेली गादी असेल तर ती घेऊन जा आणि नवी काठी त्यांच्या हाताला बसली का, तेवढे विचारा.