मोहाखालची हाक

गोंडपिपरीकडच्या जंगलात मोहफुलं वेचणाऱ्या बायकांचा एक नियम आहे. थोड्या थोड्या वेळानं हाक द्यायची आणि पलीकडून ओ आलीच पाहिजे. जंगलात वाघ असतो. त्या सकाळी गुणाबाईला सुनेची, रंजीताची, हाक आलीच नाही. मान वर केली तर जवळपास कोणी नव्हतं. टोपली टाकून ती धापा टाकत घरी आली आणि मुलाला म्हणाली, "पियुष, तुह्या बायकोनं मले वाघाच्या तोंडी देलं. इले आजच माहेरी धाड."

"मी सात-आठ बार हाक देली, आई," मागून धावत आलेली रंजीता रडवेली झाली. "तुमीच ओ देली नाई."

हा संशय आजचा नव्हता. दोघं नवरा-बायको चुलीपाशी कुजबुजतात, हे गुणाबाई वर्षभर पाहत होती. शेत नावावर करून घ्यायचा बेत असणार, दुसरं काय! घरात कोणी हळू बोललं की आपल्यालाही आपल्याविरुद्धच काही शिजतंय असं वाटतं. तेव्हा तिला हसू नका.

रंजीताला राजुऱ्याला माहेरी जावं लागलं.

गावची आशा सेविका ज्योत्स्ना हे ऐकून घरी आली. मुद्दाम पाठीमागे उभी राहून म्हणाली, "गुणाबाई, चहा ठेवता का?" गुणाबाई तांदूळ निवडतच राहिली. ज्योत्स्नानं खांद्यावर हात ठेवला तेव्हा ती दचकली. "तू बी त्यायच्यात सामील झाली का?"

ज्योत्स्नानं तिला हट्टानं चंद्रपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी कान तपासले, रक्त पुढं तपासणीला पाठवलं. दोन महिन्यांनी अहवाल आला तेव्हा डॉक्टर गुणाबाईसमोर बसून मोठ्यानं, सावकाश बोलले.

"पी२आरएक्स२ नावाचं एक जनुक असतं. कानाच्या आतल्या पेशींवर बारीक दारं असतात, ती कशी घडवायची हे त्यात लिहिलेलं असतं. तुमच्यात तिथं जन्मापासून चूक आहे. हळूहळू ऐकू कमी येतं, मोठ्या आवाजानं आणखी लवकर. घरात आधी कोणाला होतं?"

"नाई," गुणाबाई झटकन म्हणाली.

"बाई, पियुष दिवसभर राईस मिलमधी मशीनपाशी उभा राह्यते," ज्योत्स्ना म्हणाली. "हे त्याच्यात उतरलं असंन तर? तुमी लपवान, अन् कान त्याचे जातीन."

गुणाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "माहा बाप बहिरा होता. भाऊ बी. लग्न मोडू नये म्हून मायनं शपथ घातली होती. अन् मी त्या पोरीलेच घराबाहेर काढलं."

पियुषचीही तपासणी झाली. चूक त्याच्यातही होती, पण कान अजून शाबूत होते. आता तो मिलमध्ये कानांवर आवाज अडवणारी जाड झाकणं लावतो. गुणाबाई स्वतः राजुऱ्याला गेली आणि सुनेला घेऊन आली.

वाचकहो, अंगातला दोष हा कोणाचा गुन्हा नसतो. तो लाजेपोटी लपवला, की त्याची शिक्षा घरातल्या निर्दोष माणसाला भोगावी लागते.

पुढच्या मोहाच्या हंगामात गुणाबाईच्या कानात ऐकण्याचं यंत्र होतं. तरी रंजीता दर हाकेला जवळ येऊन तिच्या नजरेसमोर उभी राही. एकदा ती झाडाआडून हाक देऊन थांबली.

"ओ," गुणाबाई म्हणाली. "हाक आली वं, पोरी."